न मारलेली गाठ

इस्पितळाच्या तळमजल्यावर, चादरी ठेवायच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. आठवड्यातून एकदा, दुपारी, तिथे काही बायका विणायला बसत. खोलीला सदा लोकरीचा आणि नुकत्याच धुतलेल्या कापडाचा वास यायचा. कुणाचे गुडघे, कुणाची सून, कुणाचा घोरणारा नवरा, सगळ्यांचा उद्धार व्हायचा, पण हात काही थांबायचे नाहीत. आपण काय विणतोय याचा विचार करत बसलं की हात थांबतात, म्हणून तर एवढी बडबड.

वरच्या मजल्यावर कुणाचं लेकरू गेलं की त्या घरासाठी विणलेल्या सशांची जोडी द्यायची, हे त्यांचं काम. दोन्ही ससे लोकरीच्या एकाच गुंड्यातून विणायचे. एक लेकराच्या कुशीत जायचा, दुसरा मागे राहिलेल्यांकडे. ससा पायांपासून सुरू होई आणि कानाशी संपे. तिथे दोरा कापायचा, शेवटच्या टाक्यातून ओढून गाठ मारायची आणि टोक आत ओवून टाकायचं. खोलीचा कारभार बघणाऱ्या मास्तरीणबाई प्रत्येक ससा खोक्यात ठेवण्याआधी त्याचा कान ओढून बघत. शाळा सुटून वर्षं लोटली तरी पोरांचे कान ओढायची सवय गेली नाही, असं बायका म्हणत. जित्याची खोड.

आणखी एक नियम होता. आपल्या घरचं कुणी गेलं तर आपण विणायचं नाही, दुसरीने विणायचं. का, ते मास्तरीणबाईंनी एकदाच सांगितलं होतं.

"आपल्या माणसासाठी विणताना हात शेवटची गाठ मारत नाही."

या बायकांत एक होती, तिला सगळ्या आजी म्हणत. निम्म्याजणी वयाने तिच्याहून मोठ्या होत्या, पण नातवंडं आधी तिला झाली, म्हणून मान तिचा. लेकीची दोन मुलं. थोरलीला सगळे ताई म्हणायचे, धाकट्याला गुंड्या. रांगायचा तेव्हापासून आजीच्या लोकरीच्या टोपलीत जाऊन बसायचा, त्यावरून ते नाव पडलं. पुढे हट्टाने क्रोशाची सुई मागून घेतली आणि साखळी शिकला. साखळी म्हणजे विणकामाचा श्रीगणेशा, टाक्यातून टाका काढत जायचं, बस. दोनदा ओढायचा, थांबायचा, जीभ बाहेर काढून बघायचा, पुन्हा दोनदा ओढायचा. हातभर साखळी झाली की शेवटचा टाका तसाच सोडून पळायचा. आजी ओरडायची, गाठ मार रे, सगळं उसवेल. तो म्हणायचा, उद्या.

दुधापेक्षा सायीवर जीव जास्त, ते काही खोटं नाही. गुंड्या तापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा आजीला रडूसुद्धा आलं नाही. मास्तरीणबाईंनी रात्र जागून त्याची जोडी विणून आणली. आजीने ती कपाटात ठेवली आणि पहाटे, घर झोपलेलं असताना, त्याच्या आवडत्या निळ्या लोकरीतून स्वतः जोडी विणली. नियम तिला पाठ होता. पण शेवटच्या टाक्याशी आल्यावर तिच्याने कात्री उचलवेना. दोरा हातानेच तोडून दोन्ही सशांची टोकं तिने नुसती आत खुपसली. उद्या मारू गाठ, असं स्वतःशीच म्हणाली. एक ससा गुंड्याच्या कुशीत मातीत गेला. दुसरा ताईला दिला.

नंतर लेक कामावर रुजू झाली. ताईला शाळेतून आणायचं आणि संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ बसायचं, एवढं काम आजीकडे आलं.

पहिल्याच दिवशी तिला सशाचा एक कान दिसला नाही. पोरीने ओढून उसवला असेल, असं वाटलं. आजीने पलंग हलवला, गादी झटकली, पण उसवलेली लोकर कुठेच मिळेना. कान उसवला तर दोरा कुठेतरी पडायला हवा. दुसऱ्या दिवशी दुसरा कान गेला. मग डोकं कमी कमी होत गेलं आणि आतला पांढरा कापूस दिसायला लागला. इकडे ताईचं जेवण तुटलं. पोरगी सुकत चालली होती. हात धरला तर हिवाळ्यात बाहेर राहिलेल्या भांड्यासारखा गार लागायचा. लेकीने डॉक्टरांना दाखवलं. भाऊ गेलाय, वेळ लागेल, असं ते म्हणाले. मन चिंती ते वैरी न चिंती. आजीने मनातलं कुणाला सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी ताईला मांडीवर घेऊन विचारलं.

"ससा कोण उसवतं गं?"

ताईने आधी दाराकडे बघून घेतलं. मग आजीच्या कानाशी येऊन म्हणाली, "तो ओढतो. साखळी करतोय... माझ्यापर्यंत पोचेल एवढी लांब."

"आणि ससा संपल्यावर?"

"मग मी जायचं. त्याला तिथे एकट्याला भीती वाटते, आजी." आणि जरा थांबून, "तू आईला सांगू नकोस."

 ओरडावं, पोरीला उचलून रस्त्यावर पळावं, असं आजीला वाटलं. पण पळून जाणार कुठे? तिने फक्त ताईचं डोकं छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. दुपारीच घरात अंधारून आलं. ताई शाळेतून येऊन काही न खाता पलंगावर आडवी झाली. आजी स्वयंपाकघरात दूध तापवत होती. तेवढ्यात तिला आवाज आला. अगदी बारीक, फरशीवरून दोरा घासला जावा तसा. खर्र खर्र. मग शांत. पुन्हा खर्र खर्र.

तिने गॅस बंद केला आणि अनवाणी आत गेली.

ताई गाढ झोपली होती. ससा तिच्या पोटाशी होता, आता निम्मासुद्धा उरला नव्हता. त्याच्या अंगातून निघालेल्या निळ्या दोऱ्याने ताईच्या बोटाला वेढे घातले होते. तिथून तो पलंगावरून खाली उतरला होता आणि फरशीवरून जाऊन कपाटाखालच्या काळोखात शिरला होता. ताणलेला होता. तिकडून ओल्या मातीचा वास येत होता. दोन वेळा दोरा ओढला गेला. थांबला. पुन्हा दोनदा ओढला गेला.

आजीला तो हात ओळखू आला. हजारात ओळखला असता.

ती फरशीवर बसली आणि दोन बोटांत तिने दोरा धरला. पलीकडची ओढ लगेच थांबली. मग अगदी हलकेच, पदर ओढावा तशी एकदा ओढ लागली. आजीला इतक्या दिवसांचं सगळं रडू एकदम आलं. तो होता. दोऱ्याच्या त्या टोकाला तो होता, आणि तिने गाठ मारली नव्हती म्हणूनच होता. असंच बसून राहावं, काही करू नये, कुणी काही विचारू नये, असं तिला वाटलं.

पण वर पलंगावर ताई कण्हली. आजीने पाहिलं, तिचं बोट काळंनिळं पडलं होतं आणि ओठांवरचा रंग उतरला होता. सशाचे दोन पायच काय ते राहिले होते.

"गुंड्या," आजी म्हणाली.  "तिला सोड, बाळा... ती इथली आहे."

दोरा हलला नाही.

"चूक माझी आहे. गाठ मीच मारली नाही. आता मारते."

कात्री टोपलीत होती. ती काढून आजीने दोरा पात्यांत धरला. ताईच्या बोटाच्या आणि सशाच्या मधे तिने तो कापला. सशाकडचं टोक शेवटच्या टाक्यातून ओढून घेतलं आणि करकचून गाठ मारली, एकदा, वर पुन्हा एकदा. मग ताईच्या बोटावरचे वेढे सोडवले. बोटात रक्त परत आलं. ताईने डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाली.

सुटलेलं निळं टोक फरशीवर पडलं होतं. जरा वेळाने ते आपोआप कपाटाकडे सरकू लागलं, सावकाश, मागे वळून बघत चालल्यासारखं. आजी घाईने खाली वाकली.

पुढच्या बैठकीला ती विणायला गेली. ताई दोन वेळा जेवायला लागली होती, भांडायलाही लागली होती. लेकीच्या तोंडावर जरा तेज आलं होतं. आजीने मास्तरीणबाईंना एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि पिशवीतून तो पायांपुरता उरलेला ससा काढून दिला. मास्तरीणबाईंनी हसण्यावारी नेलं नाही. चष्मा वर करून त्यांनी गाठ ओढून पाहिली. पक्की होती.

"याची मारलीस, बरं केलंस," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि लेकराबरोबर मातीत गेला त्या सशाची?"

आजीने शाल पुढे ओढून घेतली. जागेवर जाऊन बसली आणि पांढऱ्या लोकरीतून एका परक्या घराची जोडी विणायला घेतली. कुणीतरी जावयाची गोष्ट काढली. बायका हसल्या, आजीही हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं चित्त थाऱ्यावर दिसत होतं. फक्त शालीतून डावा हात ती पुरता बाहेर काढत नव्हती. तिचे गाल मात्र जरा खप्पड दिसले, म्हणून मास्तरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. घेताना तिची बोटं त्यांच्या हाताला लागली. गार होती.

पेला घेताना शाल सरकली तेव्हा त्यांना दिसलं. आजीच्या डाव्या करंगळीला निळ्या दोऱ्याची नीट, पक्की गाठ मारलेली होती. दोरा तिथून खाली जात होता, खुर्चीच्या पायाजवळून, फरशीवरून, भिंतीशी उभ्या कपाटाखाली. आणि कपाटाकडून येणारा भाग नुसता दोरा नव्हता, सैल, वेडीवाकडी साखळी होती.

करंगळी दोनदा हलली. थांबली.

"सावकाश रे," आजी खालच्या आवाजात म्हणाली आणि पुढचा टाका घातला.