धुक्यातली गिनती

सायकलची चेन उतरली आणि सावनीच्या लक्षात आलं, की आपल्याला पुढचं चाक दिसतंय, पण चाकाच्या पुढचं काहीच दिसत नाहीये.

डिसेंबरातला रविवार. सकाळचे साडेसहा. तेलीबागचा बाजार मागे पडून बराच वेळ झाला होता आणि रायबरेली रोडवर धुकं ठाण मांडून बसलं होतं. तीन मीटरपर्यंत दिसतंय, तिने अंदाज केला. मग नीट निरखून पाहिलं आणि आकडा दोनवर आणला.

मिरजेहून येऊन तिला दोनच महिने झाले होते. भौतिकशास्त्रातली एमएससी, इथल्या एका संस्थेत पक्ष्यांच्या आवाजांचे आलेख तपासायचं काम आणि जुनी, निळी रोडबाईक... लखनौत तिचं म्हणावं असं एवढंच. ती वाकून चेन बसवायला लागली, तेवढ्यात धुक्यातून कुणीतरी ओरडलं.

"एक!"

"दो!" दुसरा आवाज, बाईचा. "तीन! चार! पाँच!" प्रत्येक आवाजामागून चाकांची सळसळ तिच्या शेजारून निघून जात होती, माणूस मात्र एकही दिसला नाही. शेवटी एक भारदस्त, तरुण आवाज, "छह!" आणि मग सगळं शांत.

दोन मिनिटं गेली असतील. अचानक एक लाल दिवा उलट दिशेने आला, कुणीतरी तिची सायकल आणि कोपर एकदमच धरलं आणि तिला सायकलसकट रस्त्याखाली मातीत ओढलं. दुसऱ्याच क्षणी ती उभी होती तिथून एक ट्रक गेला. दिवे नाहीत, हॉर्न नाही. नुसता ओला वारा.

"आप ही सात हैं?" त्या माणसाने धापा टाकत विचारलं.

"काय?" तिच्या तोंडून मराठीच निघालं.

"अरे, मराठी!" त्याच्या पापण्यांवर दवाचे थेंब होते, त्यांच्या आडून तो हसला. "घर में सब बोलते हैं. समझता सब हूँ, बोलने में गड़बड़ होती है. मी सिद्धेश. हम छह लोग हैं, मैं सबसे पीछे. मैंने 'छह' बोला, तो पीछे से किसी ने 'सात' बोला. इसलिए लौटा. आप ही ने बोला ना?"

"मी काहीच बोलले नाही."

"मज़ाक मत करिए."

"खरंच. चेनला दोन-चार शब्द ऐकवले, पण त्यात आकडे नव्हते."

तो मोठ्याने हसला. आणि हसता हसताच थांबला, मान वळवून मागे बघत राहिला. मागे पांढरं धुकं. बस.

*

ही गिनती, म्हणजे मोजणी, राजारामकाकांची. काका मूळचे साताऱ्याकडचे, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन तेलीबागेतच राहिलेले आणि दर रविवारी सगळ्यांच्या पुढे सायकल हाकणारे. धुक्यात कुणी कुणाला दिसत नाही, म्हणून दर दोन किलोमीटरला ते पलटणीतल्यासारखं गरजायचे, "गिनती कर!" पुढून मागे आकडे जायचे. आकडा कमी पडला किंवा जास्त झाला, तर सगळ्यात मागच्याने वळून बघून यायचं. बाकी कुणीही वळायचं नाही, कारण धुक्यात दोघं-तिघं वळले की एकमेकांवर आदळतात.

सावनी त्यांच्यातली झाली. नवी म्हणून तिला सहावी जागा मिळाली, सिद्धेशच्या बरोबर पुढची. तो झाला सात. आठवड्याभरात तिने ग्रुपवर 'रविवारची बातमी' लिहायलाही घेतली. अंतर, सरासरी वेग, तापमान, पंक्चर किती, जिलेबीची दुसरी प्लेट कुणी मागवली. चुकीचा आकडा तिच्या बातमीत कधी सापडायचा नाही.

"तेवीस-चार काय, सीधा चोवीस लिहायचं ना यार!" सिद्धेश म्हणायचा.

"तेवीस पॉइंट चारला चोवीस म्हणणं म्हणजे खोटं बोलणं."

"और दिल रखने के लिए?"

"कुणाचं?"

"मेरा. पीछे से जोर तो मैं ही लगवाता हूँ."

तिला हसू आवरायचं नाही. मागून येणाऱ्या चाकांच्या आवाजावरून त्याचा मूड ओळखण्याइतकी ती आता तरबेज झाली होती. एकदा तिची बोटं गारठली तेव्हा त्याने न विचारता आपले हातमोजे तिच्या हँडलवर अडकवले, आणि ते आतून अजून उबदार होते... त्या रविवारच्या बातमीत तापमान लिहायचं राहून गेलं.

पण त्याच रविवारी ते सुरू झालं.

"छह," ती ओरडली. "सात!" तिच्यामागून सिद्धेश. आणि मग, श्वासभर थांबून, आणखी मागून, बारीक, ओलसर आवाजात...

"आठ."

पुढे काकांचे ब्रेक करकरले. सिद्धेश म्हणाला, "मैं देखता हूँ," आणि धुक्यात विरघळला. सगळे चहाच्या टपरीवर थांबले. वीस मिनिटांनी तो परतला. "कोई नहीं था," एवढंच म्हणाला आणि चहाचा मातीचा कुल्हड दोन्ही हातांत धरून बसला.

पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्याही पुढच्या रविवारी पुन्हा.

"प्रतिध्वनी असेल गं," पद्मिनीताई म्हणाली. तिचा नवरा एअर फोर्समध्ये, ती स्वतः ग्रुपमधली दोन नंबर. म्हणताना मात्र तिने शाल गळ्याशी घट्ट ओढली.

"प्रतिध्वनी 'सात'च म्हणेल ना, ताई. त्याला पुढचा आकडा कुठून येणार?"

"मग नको सांगूस बाई. मला घरी जायचंय अजून."

तिसऱ्या वेळी सिद्धेशला परतायला पस्तीस मिनिटं लागली. त्या पस्तीस मिनिटांत सावनीने नऊ ट्रक मोजले, आणि प्रत्येकाच्या वेळी ती टपरीबाहेर येऊन बघून गेली. तो आला तेव्हा एका बाहीला चिखल होता. "एक ट्रक ज़रा पास से गया," तो म्हणाला.

काकांनी चहा ओतून दिला. "सिद्ध्या, ऐक. मला भुताखेतांचं काही पडलेलं नाही. ट्रकचं पडलंय. पुन्हा असा गेलास तर पुढच्या रविवारपासून ग्रुपमध्ये यायचं नाही. एक पोरगं मी या रस्त्यावर घालवलंय, दुसरं घालवणार नाही."

सावनीने पद्मिनीताईकडे पाहिलं, ताईने नजर चुकवली.

तिच्या खिशातल्या फोनमध्ये मात्र त्या दिवशीची गिनती रेकॉर्ड झालेली होती. सोमवारी तिने पक्ष्यांच्या ऐवजी तो आवाज यंत्रात घातला. 'सात'चा आलेख आणि 'आठ'चा आलेख एकाखाली एक ठेवले. दोन्ही एकाच गळ्यातून आले होते.

*

शनिवारी सकाळी सिद्धेशने तिला जुन्या लखनौच्या चौकात मक्खन मलाई खायला बोलावलं होतं. केशरी फेसाचा डोंगर, वर पिस्त्याचे काप.

"ये ओस से बनती है. रात को बाहर रखते हैं, ओस पड़ती है, तब जाके..."

"दव नाही, फेस आहे. दुधातल्या प्रथिनांनी धरून ठेवलेली हवा."

"तू हर चीज़ का पोस्टमॉर्टम क्यों करती है यार?"

"सवय." तिने फोन त्याच्यापुढे ठेवला. "याचंही केलंय. 'आठ' तू म्हणतोस, सिद्धेश."

चमचा त्याच्या हातातच राहिला. ती रागावूनच आली होती. वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण त्याचा चेहरा बघून एकही आठवेना.

"विपुल," तो अखेर म्हणाला. "स्कूल से साथ थे. पिछली जनवरी तक सात नंबर वो था, मैं छह. आलशी होता साला, गिनती में आधे टाइम बोलता ही नहीं था. तो मैं ही बोल देता था. छह, आणि आवाज बदलून... सात. सब हँसते थे." त्याने चमचा खाली ठेवला. "त्या दिवशी पण मीच बोललो. सात. गिनती पूरी. कोणी वळलंच नाही. वो डेढ़ किलोमीटर पीछे पड़ा था, सावनी. ट्रकने उडवलं होतं. चाळीस मिनट तसाच."

मक्खन मलाई हळूहळू बसत चालली होती.

"म्हणून आता 'आठ' म्हणतोस. वळायला मिळावं म्हणून."

"हाँ."

"आणि पहिल्या दिवशीसुद्धा? 'सात'?"

त्याने मान वर केली. "नाही. उस दिन मैंने सिर्फ़ छह बोला था. सालभर मैंने वो आवाज़ निकाली ही नहीं थी. सात पीछे से आया. मैं लौटा, तो वहाँ तू खड़ी थी. ठीक वहीं, जहाँ वो मिला था." तो तिच्याकडे बघत होता, आणि थोडा तिच्या पलीकडेही. "इसलिए तो फिर शुरू किया. लगा, मैं आवाज़ दूँगा तो वो जवाब देगा."

त्या पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग नव्हतं. नोंद नाही, आलेख नाही. सावनीला इतकंच ठाऊक होतं, की तो ट्रक खरा होता.

"उद्या शेवटची जागा माझी," ती म्हणाली.

"पागल है क्या?"

"काकांशी मी बोलते. तू असाच मागे जात राहिलास तर एक दिवस... मला तुझी बातमी लिहायची नाहीये, सिद्धेश. कळतंय का तुला?"

त्याला कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि त्या थंडीने झाल्या नव्हत्या.

*

फेब्रुवारीतला पहिला रविवार. धुकं त्या पहिल्या दिवसाइतकंच.

"गिनती कर!"

एक. दो. तीन. चार. पाँच. "छह," सिद्धेश, तिच्या पुढून. जरा थांबून, नुसता छह.

"सात," सावनी म्हणाली. सगळं पुढे सरकलं. झालं, असं वाटून तिने श्वास सोडला.

"आठ."

आवाज मागून आला. जवळून. बारीक नव्हता, ओलसरही नव्हता. आळसावलेला होता, आत्ताच जांभई दिल्यासारखा. सिद्धेश तर पुढे होता.

तिने ब्रेक दाबला. नियम म्हणजे नियम. खरंच कुणी मागे पडलेलं असेल तर? एकदा न बघता पुढे गेल्याचं काय झालं ते तिला माहीत होतं. सायकल कडेच्या मातीत ठेवून, टॉर्च लावून ती चालत मागे गेली. तीस पावलं. साठ. शंभर. खड्ड्यात डोकावली, झाडांच्या बुंध्यांमागे पाहिलं. कुणी नव्हतं. पण पेडल न मारता नुसती सोडलेली सायकल जशी टिकटिकते, तशी टिकटिक तिच्याभोवती संथ फिरत होती. डावीकडून मागे, मागून उजवीकडे.

सातारा-सांगलीकडे अशा वेळी बायका काय करतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती आपली बोलली.

"विपुल, त्या दिवशी हाक मारलीस. त्या हाकेमुळे मी आहे." दातावर दात आपटत होते. "आता सिद्धेशला नको बोलावूस. त्याला मी नेते पुढे... चालेल?"

टिकटिक थांबली. मग लांबून, शेतांच्या बाजूला, पुन्हा सुरू झाली आणि विरत गेली.

ती परत वळली तर तिच्या सायकलपाशी लाल दिवा लुकलुकत होता. सिद्धेश, पांढराफटक, हेल्मेट हातात.

"तुझ्या चाकांचा आवाज बंद झाला," तो म्हणाला. त्याचं मराठी अडखळत होतं, तरी तो सोडत नव्हता. "मागे ऐकत होतो मी. आणि एकदम काहीच नाही. मला वाटलं... मला विपुल आठवलाच नाही, सावनी. आज पहिल्यांदा. मी तुला शोधायला आलो. फक्त तुला."

"नियम मोडलास. वळायचं फक्त शेवटच्याने."

"हो. मोडला. आणि आयुष्यभर मोडणार आहे, सांगून ठेवतो." तो तिच्या टॉर्चच्या उजेडात आला. "कोण होतं मागे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तेवीस पॉइंट चारला कधी चोवीस न म्हणणारी ती मुलगी, तिने हात पुढे करून त्याच्या पापण्यांवरचं दव पुसलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी शंभर पावलं बघून आले. चल."

तो रडला थोडा. मग तिच्या खांद्यावर कपाळ टेकून हसला. दोघं सायकली हातात धरून चालू लागले, शेजारी शेजारी, हँडलला हँडल घासत.

पुढे धुक्यात काका गरजले, "अरे, छह आणि सात कुठे गडप झाले?"

"काका, चहा सांगा," पद्मिनीताईचा आवाज आला. "त्यांना वेळ लागेल."