दुसरी रेघ

"घट्ट आहे आजोबा, रेघ मारलीय," असं आत्ता तूच म्हणालास ना? चाकापाशी वाकून, दात काढत? मग बस जरा. डोंगर कुठे पळून जात नाही. तुम्ही दोघंही बसा, आणि ते मोबाइल खिशात घाला. मी चौथीच्या पुढे शाळा बघितली नाही, पण नट कसा आवळतात ते मला तुमचे बाप रांगत होते तेव्हापासून कळतं.

ही गोष्ट कुणाच्या काकाच्या मित्राची नाही. शेजारच्या लेथवर अकरा वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाची आहे. त्याला सगळे टर्नरच म्हणायचे.

टर्नरला छोट्या जपानी गाड्यांचं वेड. तुमच्यासारखंच. बुटाच्या खोक्याएवढी, तीन सिलिंडरची जुनी गाडी घ्यायची, मागची सीट उपटून फेकायची, स्प्रिंगा बदलून तिला जमिनीला टेकवायची, मोठा टर्बो बसवायचा आणि लॅपटॉप जोडून रात्ररात्र तिचं पेट्रोल जुळवत बसायचं. हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. दाजी एरवी शाळेच्या बस दुरुस्त करायचे. डावखुरा माणूस. बॉनेटला कान लावून सांगायचे, "मेहुणे, दोन नंबर रुसलाय." उघडून बघावं तर दोन नंबरचाच सिलिंडर रुसलेला.

त्यांच्या शेडमध्ये एक कायदा होता. एकाने नट आवळायचा. टॉर्क पाना नेमक्या जोराला आला की टक् करतो. तो वाजला की मोठ्याने म्हणायचं, "लागला!" आणि नटावरून बोल्टापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मग दुसऱ्याने यायचं, स्वतःच्या हाताने पाना लावून बघायचं, म्हणायचं, "बघितला!" आणि पहिल्या रेघेवर आपली दुसरी मारायची. फुली झाली तरच नट पक्का. टर्नरची रेघ उजवीकडे कललेली, डावखुऱ्या दाजींची डावीकडे. कुठली कुणाची, विचारायला नको.

तर, डिसेंबरचा तिसरा शुक्रवार. रात्रीचे सव्वाआठ. टर्नर बहिणीकडे गेला. काम साधं होतं. रविवारी पहाटे डोंगराच्या रस्त्यावर तुमच्यासारख्याच पोरांची गाड्या चढवायची शर्यत होती, आणि नेमका त्याचा टॉर्क पाना बिघडला. दाजींचा पाना शेडमध्ये खिळ्याला तसाच टांगलेला होता. दाजींना जाऊन वर्ष झालं होतं. त्याच डोंगरावर, अकराव्या वळणावर.

"ताई, पाना नेतो गं. उद्या आणून देतो."

ताई भांडी घासत होती. "सकाळी सहाच्या आत आण. मग मी कामाला निघते. परवा तू पळवणार?"

"चार मिनिटं अकरा सेकंद. दाजींची वेळ. मोडायचीच तर मी मोडतो, घरातल्या घरात राहील."

"घरातल्यांचंच मोडायची सवय आहे तुला लहानपणापासून," ताई म्हणाली. हात पुसले, आणि फळीवरून बटणांचा पत्र्याचा डबा काढला. बटणांवर एक नट ठेवलेला. पोलिसांनी दाजींच्या घड्याळाबरोबर दिलेला. "ह्याच्यावर रेघ आहे बघ."

"असणारच."

"रेघ मारलेला नट सुटतो का रे?"

"नाही सुटत."

"मग ह्यांचा कसा सुटला?"

"नशीब, ताई."

"नशिबाला पाना लागत नाही वाटतं."

टर्नर हसला. पाना बगलेत मारून निघाला. नटाकडे त्याने दुसऱ्यांदा बघितलं नाही.

का बघेल? त्याच्यावर एकच रेघ होती. उजवीकडे कललेली.

आता ऐका काय झालं होतं ते. नऊ वर्षं दाजी पहिले आणि टर्नर दुसरा. लोक टर्नरला 'दाजींचा मेहुणा' म्हणायचे. त्याने बनवलेली गाडीसुद्धा दाजींची म्हणूनच ओळखायचे. माणूस आतून करपत जातो, वरून दिसत नाही. दाजींच्या शेवटच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी स्टिअरिंगचा दांडा जिथे चाकाला जोडतात, तिथला नवा नट टर्नरने नुसता बोटांनी फिरवला. पान्याची टक् भलत्याच बोल्टवर वाजवली. म्हणाला, "लागला!" आणि रेघ ओढली.

दाजी पलीकडे चहा पीत उभे होते. जागचे हललेसुद्धा नाहीत. "बघितला, बघितला," म्हणाले. "मेहुण्यावर विश्वास ठेवायचा नाही तर मग कुणावर?"

दुसरी रेघ राहिली ती राहिलीच.

तर त्या शुक्रवारी टर्नर आपल्या गराजमध्ये आला. शटर आतून ओढून घेतलं, थंडी होती. गाडी पुढून उचलून दोन घोड्यांवर ठेवली. घोडी म्हणजे ती लोखंडी तिवई असते ना, उंची धरायला आडवा खिळा घालतात, ती. पुढचं डावं चाक काढलं आणि गाडीच्या दाराखाली आत सरकवून ठेवलं. घोडी सरकली तर गाडी चाकावर बसते, माणूस वाचतो. हीसुद्धा दाजींचीच शिकवण. मग पाठीवर निजून आत सरकला. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा.

पहिला बोल्ट. टक्. "लागला," तो स्वतःशीच म्हणाला आणि रेघ मारली. दुसरा. टक्. "लागला." रेघ. पाना छान चालत होता. दाजींच्या हातातला पाना, मुठीला डाव्या बाजूने झिजलेला. दोन दिवसांनी लोक काय म्हणतील ते त्याच्या कानात आत्ताच वाजत होतं.

टक्.

"लागला."

"बघितला," टर्नर म्हणाला. कामाच्या नादात, मान न वळवता. नऊ वर्षांची सवय.

आणि त्याचा हात थांबला.

आवाज गाडीच्या पलीकडून आला होता. गराजमध्ये पाना एकच होता. तो त्याच्या हातात होता.

त्याने मान वाकडी करून पलीकडे बघितलं. गाडीखालून शटर दिसत होतं, बंद. फरशी दिसत होती. सांडलेल्या ऑइलचा डाग. पाय... कुणाचेच नव्हते.

"कोण आहे रे?"

ट्यूबलाइटची घूं घूं.

टक्. आता मागच्या उजव्या चाकापाशी.

"लागला."

टर्नर गप्प राहिला. ओठ आवळून. पण समोरचा थांबून होता... उत्तर हवं असलं की माणूस जसा थांबतो, तसा.

टक्. मागचं डावं चाक. जवळ येत होतं. एकेक चाक घेत, कामाच्या पद्धतीने. घाई नाही.

बाहेर सरकावं म्हणून त्याने टाचा रेटल्या. टाचा हलेनात.

"दाजी..." तो म्हणाला. "दाजी, मारायचं नव्हतं हो मला. हरवायचं होतं. नुसतं एकदा... हरवायचं होतं."

शांतता.

त्याला वाटलं, ऐकलं. सोडलं.

टक्.

कानाशी.

"लागला."

त्याने फक्त डोळे फिरवले. डोक्याजवळची घोडी. घोडीचा आडवा खिळा. खिळ्यावरून लोखंडावर गेलेली एक पिवळी रेघ. ओली. डावीकडे कललेली.

पुन्हा तेच थांबणं. उत्तराची वाट.

हात उचलून खिळा नुसता चाचपायचा होता. आत आहे की नाही... बोटभर अंतर. पण टर्नरने ती रेघ बघितली, आणि भीतीतसुद्धा त्याच्या मनात आलं की ही दाजींची रेघ आहे. दाजींनी जन्मात खोटी रेघ मारली नाही.

"बघितला," तो म्हणाला.

खिळा अलगद बाहेर आला. कुणी काढून घ्यावा तसा.

गाडी काढून ठेवलेल्या चाकावर बसली, म्हणून छाती वाचली. चाक नसलेल्या बाजूची ब्रेकची तबकडी मात्र सरळ त्याच्या उजव्या हातावर आली. पाना धरलेल्या हातावर. किंचाळला तो, पण शटर बंद, आजूबाजूला गोदामं. रात्रीचे पावणेअकरा. आणि तो किंचाळत असताना, बेशुद्ध पडताना, शुद्धीवर येताना, सहा वाजेपर्यंत त्याच्या भोवती आवाज फिरत होता. टक्. लागला. टक्. लागला. प्रत्येक वेळी थांबून. प्रत्येक वेळी त्याच्याकडून "बघितला" वदवून.

पाना आला नाही म्हणून सहाला ताईच गराजवर गेली. शटर वर केलं. भाऊ गाडीखाली, तोंड पांढरंफटक. तिला बघून रडायला लागला. "ताई, गाडी उचल... कुणाला तरी बोलाव."

"बोलावते," ताई म्हणाली. "पण तू मघापासून काय पुटपुटतोयस?"

"बघितला, बघितला..."

"काय बघितलं?"

मग त्याने सांगितलं. सगळं. बोटांनी फिरवलेला नट, भलतीकडची टक्, खोटी रेघ. ताई स्टूल ओढून बसली. हो, बसली. रडली नाही. तो थांबला की म्हणायची, "पुढे?" शेवटचा शब्द संपल्यावर उठली, पदर खोचला, तेव्हा कुठे अँब्युलन्सला फोन लावला. त्यानंतर पोलिसांना. मग मला, कारण मी पुढच्याच गल्लीत राहतो.

कोण दुष्ट, कोण नाही, ते तुम्ही ठरवा. मी नाही ठरवत. हात कोपरापासून गेला. लेथवर परत आला नाही. जबाब त्याने स्वतःच दिला, शब्द न बदलता. पोलिसांनी विचारलं, घोडीचा खिळा कुठाय? सापडला नाही. त्याच्यावरची रेघ फक्त टर्नरने बघितली. तेव्हा त्याबद्दल मी शपथ घेणार नाही. रात्रभर हात दाबला गेलेला माणूस काय काय बघेल.

पण ह्याची शपथ मी घेईन. त्या दिवशी अकरा वाजता दवाखान्यातून ताईला मीच घरी सोडलं. कुलूप तिने माझ्यासमोर उघडलं. पोलिसांना नट द्यायचा म्हणून फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं. मग डबा माझ्यापुढे धरला.

बटणांवर तोच नट. त्याच्यावर टर्नरची रेघ, वर्षभरात वाळून तडकलेली, उजवीकडे कललेली. आणि तिच्यावर दुसरी. डावीकडे कललेली. पक्की फुली.

मी बोट लावलं.

बोट पिवळं झालं.