मिरपुडीची सर्दी

कांचघर भागातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा खरंच सर्दी झाली होती हो! रक्त घेणाऱ्या रत्नाकरने सुई बाजूला ठेवली.

"सर्दीत ही सीआरपीची तपासणी नाही करत, दीदी. अंगात बारीक सूज कायम आहे का, ते पाहाचं आहे ना? सर्दीनं आकडा उगाच चढते. बऱ्या होऊन या."

दीदी म्हणे! मेल्याचे डोळे मात्र असे की... जाऊ दे.

सकाळी माझी बोटं आखडायची, म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली होती. आईचंही असंच सुरू झालं होतं; आता तिला पोळी लाटता येत नाही. रक्तात तेच निघालं तर? म्हणून पुढच्या खेपेला दारातच मिरपूड हुंगली आणि धडाधड शिंकले. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. रांझीच्या घरून बस धरायची, शिंकायचं, त्याच्याशी चार शब्द बोलायचे आणि परत. रिपोर्ट नको होता, आणि त्याला पाहिल्याशिवाय चैनही पडत नव्हतं. काय करणार?

एकदा मी शिंकले, तर तोही शिंकला!

"तुम्हाला काहून सर्दी?" मी विचारलं.

"तुमच्या ओढणीवरची मिरपूड उडून राहिली, प्रतिमाजी." तो हसला... मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "कशाला घाबरून राहिल्या?"

मी आईच्या बोटांचं सांगितलं. रडू आलंच. त्यानं स्टूल जवळ ओढलं. मी बाही वर केली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट देताना तो हसला नाही.

"आकडा थोडा जास्त आहे. पण एवढ्यावरून आजार नाही ठरत. सूज कशाची, ते डॉक्टर शोधतील."

"आणि आईसारखंच निघालं तर?" मी रिपोर्टची घडी घातली. "चलो... आता इथं यायचं कामच संपलं."

"मी येऊ?"

"कुठं?"

"डॉक्टरकडे... तुमच्यासोबत. अन् मग घरी, आईंना भेटाले." त्याचे कान लालभडक झाले होते. "मला आवडता तुम्ही. आकडा काही का असेना. आणि... पोळ्या मला लाटता येतात."

"गोल?" मी डोळे पुसत विचारलं.

"नाही," तो म्हणाला, "पण रोज लाटीन."