वरच्या कोंडीतल्या मुऱ्या

चामटोलीमागच्या डोंगरात साठ फुटांचा धबधबा आहे आणि त्याच्या माथ्यावर एक कोंड, म्हणजे खडकातला डोह. तिथल्या मुऱ्या, दगडाला चिकटून राहणारे बोटभर मासे, पुरात खाली वाहून जातात. पण खालची मुरी हा कडा चढू शकत नाही. हजारो वर्षं वरच्यांची सोयरीक वरच्यांतच! त्यांची जातकुळी खरोखर वेगळी झाली आहे का, हे शोधायला स्वप्नाली निघाली होती. वीस मुऱ्यांच्या परांची नखाएवढी टोकं कापून स्पिरिटच्या बाटल्यांत भरायची आणि मासे पाण्यात सोडून द्यायचे, एवढंच काम. सोबत वाडीवरचा पदू होता.

"एवढं चढायचं, नि मासा खायचा बी नाय?" पदू म्हणाला. "ताई, तुमची शाळा लय अवघड."

वळशाची वाट अर्ध्या दिवसाची होती. शिवाय हा कडा माशाला कुठूनच चढता येत नाही ना, हेही बघायचं होतं. एप्रिलमुळे धार आटली होती. कमरेला दोर बांधून दोघे चढू लागले. चाळीस फुटांवर स्वप्नालीचा पाय निसटला. दोर ताणला. पदूने दातओठ खाऊन तिला तोलून धरलं.

तेवढ्यात धडाम!

वरून दगडांचा मारा सुरू झाला. एका धोंड्याने पदूचा खांदा फोडला. रक्त तिच्या तोंडावर उडालं.

"थांबू नका! चढा!" तो ओरडला.

दोघे माथ्यावर पोहोचले. कोंडभर मेलेल्या मुऱ्यांची पांढरी पोटं तरंगत होती! काठावर दोन माणसं. एकाच्या हातात जाळं, दुसऱ्याच्या हातात सुरुंगाच्या जिलेटिनची आणखी एक कांडी.

"सनी, पेटव ना!" जाळंवाला म्हणाला.

"थांब!" स्वप्नाली धावली.

"ए, चल हट! नदी तुझ्या बापाची काय?" सनीने वात पेटवली आणि तिला लाथ घातली. ती खडकावर आपटली. ओठ फाटला.

पदूने काठावर पडलेली काठी उचलून हाणली. सनीच्या मनगटाचं हाड कडकन मोडलं! कांडी पाण्याऐवजी कपारीत पडली.

"निजा खाली!" पदू ओरडला.

स्फोट झाला. दगडाच्या कपच्या सुऱ्यांसारख्या उडाल्या. एक सनीच्या पोटरीत घुसली. तो गुरासारखा ओरडू लागला.

पदूने डोक्याचं फडकं जाळंवाल्याकडे फेकलं. "बांध त्याला आवळून. नायतर मरंल." जाळंवाल्याने सनीला पाठीवर घेतलं आणि वळशाच्या वाटेने पळ काढला.

मग स्वप्नालीने मेलेल्या मुऱ्यांचे पर कापले. वीस हवे होते, शंभर मिळाले. बाटल्या भरताना तिला रडू कोसळलं. दगडाखाली जिवंत होत्या फक्त सात.

"खालच्या मुऱ्या हंडाभर आणतो," पदू म्हणाला. "कोंड भरंल."

"नको दादा. खालच्या मिसळल्या की या वरच्या, वरच्या राहणार नाहीत."

"मंग सातांतच लगीन लावायचं? भावाबहिणीचं?"

त्याने नेमकं दुखणं धरलं होतं. इतक्याशा गोतावळ्यात वंश काही पिढ्यांतच खचणार.

"दादा, हिच्याही वर कुठे मुऱ्या आहेत?"

"झऱ्यापाशी डबकं हाय. पावसात तिथलं पानी हितं येतं. मधी कडाबिडा काय नाय."

"म्हणजे कूळ हेच, फक्त घर वेगळं!"

"मंग जमंल सोयरीक!"

खांदा आवळून बांधून पदू पुढे झाला. तापलेल्या धोंड्यांवरून तासभर चढण. डबकं परातीएवढं उरलं होतं. चिखलात मुऱ्या तडफडत होत्या. स्वप्नालीने कॅनमधलं प्यायचं पाणी डबक्यात ओतलं, मग निवळ पाण्यासकट एकेक मुरी अलगद कॅनमध्ये घेतली. चौदा! घशाला कोरड, पायांत गोळे, तरी ती कॅन छातीशी धरून उतरली.

कोंडीत सोडताच चौदाही तळाशी गुडूप झाल्या. ती काठावर बसून बघत राहिली. बऱ्याच वेळाने दगडाखालून सातांतली एक बाहेर आली आणि नव्या पाहुणीशेजारी जाऊन चिकटली.

"चला ताई," पदू हळूच म्हणाला, "आता नवरानवरीला एकटं सोडा."