टाळीच्या अलीकडचं

कादंबरीतली नायिका चाळीस पानांनंतर एकदाची मान वर करून नायकाकडे बघणार, एवढ्यात खिडकीखालची गाडी बोंबलायला लागली.

साधीसुधी बोंब नव्हे. आधी लांबलचक कण्हणं, मग बदकासारखं क्वॅक क्वॅक, मग कुणीतरी शिट्टी गिळल्यासारखी किरकिर... आणि ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. वाचणारीने पुस्तकात बोट घातलं, मायक्रोफोनकडे केविलवाणं पाहिलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो! कुणाची आहे ही गाडी?"

समोर नवी पाच मजली इमारत उभी राहत होती. तिच्या जिन्यात धपाधप पावलं वाजली आणि एक उंच माणूस धापा टाकत बाहेर आला. हात ग्रीसने काळे, डोक्यावरचं हेल्मेट वाकडं. त्याने किल्लीला लावलेलं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग गाडीला अगदी खेटून तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा कुठे ती हुंदका देऊन गप्प झाली.

"माझी," तो म्हणाला. "म्हणजे... सॉरी. चोरबीर कुणी नव्हता ना?"

"मांजर होतं."

"आत शिरलं?"

"बॉनेटवर बसलं. तेवढंही चालत नाही वाटतं हिला?"

"अलार्म नवीन बसवून घेतलाय. जरा हळवा आहे."

"जरा?"

तो हसला. हसताना त्याची धाप मधेमधे येत होती, त्यामुळे ते हसू तुकड्यातुकड्यांनी आलं. "पाचव्या मजल्यावरून पळत आलो हो."

"मग लिफ्टने यायचं!"

"लिफ्टच बसवतोय," तो म्हणाला.

त्या मांजराचे तिने पुढे जन्मभर उपकार मानले. पण त्या दुपारी मात्र तिने खिडकी धाडकन ओढून घेतली. त्या धाडकन आवाजाने गाडी पुन्हा सुरू झाली, ते वेगळं.

कॅसेटचे दिवस होते ते. अंधांसाठीच्या वाचनालयाकरता ती घरी बसून पुस्तकं वाचून कॅसेटवर भरत असे. आत्याच्या पहिल्या मजल्यावरच्या घरातली रस्त्याकडची खोली, एक जुना टेपरेकॉर्डर, भिंतीला लावलेल्या दोन गोधड्या, हा तिचा सगळा कारखाना. पंखा लावला तर त्याची घरघर टेपमध्ये येई, म्हणून पंखा बंद आणि खिडकी अर्धी उघडी. वाचनालयाची पद्धत अशी होती, की मधे काही चुकलं, खोकला आला, कुणी बेल वाजवली, तरी यंत्र थांबवायचं नाही. जुनी यंत्रं थांबवली की टेप गिळायची. काय व्हायचं ते होऊ द्यायचं, मग एक जोरदार टाळी वाजवायची आणि तो परिच्छेद पुन्हा सुरुवातीपासून वाचायचा. वाचनालयातली माणसं नंतर टाळी शोधून तिच्या अलीकडचं सगळं कापून टाकत.

दुसऱ्यांची वाक्यं तिच्या जिभेवर लोण्यासारखी फिरत. स्वतःचं, मनातलं एक वाक्य बोलायचं म्हटलं की मात्र दातखीळ. कॉलेजात एक मुलगा तिच्या उत्तरासाठी दोन महिने थांबला होता. उत्तर तयार होतं, सुंदर होतं, पण ते ओठांपर्यंत पोचलंच नाही. तो शेवटी समजायचं ते समजला आणि गेला. तेव्हापासून आत्या म्हणायची, "आमची पोरगी लोकांची लग्नं वाचून दाखवते, स्वतःचं नाव घ्यायची वेळ आली की मुकी."

भांडण ही गोष्ट मात्र वेगळी. भांडताना तिला शब्द शोधावे लागत नसत.

आणि भांडायला त्या गाडीने काही कमी पडू दिलं नाही. ट्रक गेला, वाजली. समोरच्या ताईंनी सतरंजी झटकली, वाजली. पावसाचे चार थेंब पडले, चारही मोजून वाजली. एकदा तर तो स्वतःच पाचव्या मजल्यावर भिंतीला भोक पाडत होता, त्या हादऱ्याने त्याचीच गाडी वाजली आणि तोच धावत खाली आला.

"तुमचं यंत्र तुम्हालाच चोर समजतंय," ती खिडकीतून म्हणाली.

"माणसं ओळखते हो ती."

"अहो लिफ्टवाले, दुसरा अलार्म का बसवत नाही?"

"मागच्या वर्षी डिकीतली सगळी हत्यारं गेली. बारा वर्षं जमवलेली. तेव्हापासून धसका घेतलाय." तो क्षणभर गंभीर झाला, मग मान वर करून म्हणाला, "दुकानदार गावाला गेलाय. आला की करून घेतो दुरुस्त. पण मॅडम... ती दारात पत्र घेऊन उभी होती, तिचं पुढे काय झालं?"

"कोण ती?"

"तुमच्या पुस्तकातली. मी डबा खायला गाडीत बसतो ना. ऐकू येतं सगळं."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "चोरून ऐकता?"

"चोरून कसं? चोर असतो तर गाडी वाजली असती."

असे सात आठवडे गेले. ती खिडकीशी जाई, चार वाक्यं भांडे, परत येऊन टाळी वाजवी आणि पुढे वाची. टाळी वाजवताना आपण हसत असतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

ते लक्षात आलं दुसऱ्याच कुणाच्या.

दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत होत्या. वय ऐंशी, नजर दहा वर्षांपूर्वी गेलेली, पण दरारा शाबूत. सगळे त्यांना बाई म्हणत. ती कादंबरी त्यांच्याच मागणीवरून भरली जात होती. "वाचनालय कापाकापी करत बसेल, मला तेवढा वेळ नाही," त्यांनी फर्मावलं होतं. "कच्च्या कॅसेट थेट माझ्याकडे आणून दे. टाळ्या मी ऐकून सोडून देईन." तिने आज्ञाधारकपणे दर आठवड्याला कॅसेट पोचवल्या. टाळ्यांच्या अलीकडे काय काय आहे, याचा तिला पत्ताच नव्हता.

आठव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, बाईंनी तिला समोर बसवलं.

"शनिवारी जाणार ना तो?"

"कोण?"

"माझ्यासमोर वेड पांघरू नकोस. लिफ्टवाला. बाराव्या कॅसेटमध्ये सांगितलंय त्याने. शनिवारी लिफ्ट ताब्यात देणार, सोमवारी दुसऱ्या गावी कामावर."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "बाई... तुम्ही ते सगळं..."

"ऐकलं. दोन-दोनदा ऐकलं. चौथ्या कॅसेटनंतर कादंबरी ऐकतंय कोण?" बाईंचा चेहरा मात्र कठोर नव्हता. "हे बघ, मला दिसत नाही, म्हणून मी नीट ऐकते. पहिल्या कॅसेटमध्ये तो गाडी बंद करतो आणि लगेच माफी मागून मोकळा होतो. सातवीपासून गाडी गप्प झाली तरी तो बोलत नाही. तू बोलेपर्यंत थांबतो. मी एकदा अठरापर्यंत आकडे मोजले. कामातला माणूस उगाच अठरा आकडे उभा राहत नाही."

ती मांडीवरच्या कॅसेट उगाच सारख्या करत बसली.

"आणि तुझं सांगू? लांबून ट्रक येताना ऐकू आला की तुझं वाचन हळू होतं. ट्रक गेला आणि गाडी वाजली नाही, तर पुढचं वाक्य तू असं पडक्या आवाजात वाचतेस, की मला वाटलं नायक मेला."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. इतकं मन लावून तिला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तिने बाईंचा सुरकुतलेला हात दोन्ही हातांत धरला.

"मला नाही जमत, बाई. मला फक्त भांडता येतं."

"मग भांड," बाई म्हणाल्या. "पण तो जायच्या आत."

ती वाक्य जुळवत घरी आली. पहिला शब्द सापडला, दुसरा सापडला... आणि बघते तर तो गाडीपाशी उभा, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर.

"झालं मॅडम!" त्याने बॉनेटवर थाप मारून दाखवली. गाडी ढिम्म. "आता हत्ती बसला तरी वाजणार नाही. म्हटलं, जाताना तुम्हाला शेवटची दोन प्रकरणं तरी शांतपणे वाचू द्यावीत."

त्याने मोठ्या कौतुकाने दिलेली भेट होती ती. तिला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

"थँक्यू," ती म्हणाली. जुळवलेले शब्द कुठल्या कुठे गेले.

शुक्रवारी तिने खिडकी घट्ट लावून घेतली आणि एका बैठकीत दोन्ही प्रकरणं वाचून संपवली. ट्रक गेले, सतरंज्या झटकल्या गेल्या, एक टाळी लागली नाही. इतकं स्वच्छ काम तिने कधी केलं नव्हतं, आणि इतकं ओकंबोकंही.

शनिवारी दुपारी ती खाली उतरली. गाडी तिथेच होती, मागच्या सीटवर त्याची बॅग भरून ठेवलेली. तिने बॉनेटवर चापट मारली. काही नाही. दुसरी मारली, जोरात. चाकाला लाथ घातली. दार गदागदा हलवलं. वाजली असती तर तो धावत आला असता, तिने चार खरमरीत शब्द सुनावले असते आणि त्या ओघात पाचवाही निघून गेला असता!

वरून आत्याचा आवाज आला, "अगं, गाडीवर कसला हात उगारतेस? काय केलंय तिने?"

"काहीच करत नाहीये, आत्या, तेच तर!"

मग तिने समोरच्या इमारतीकडे पाहिलं, ओढणी कमरेला खोचली आणि जिना चढायला लागली.

पाचव्या मजल्यावर तो लिफ्टच्या दारावरचा शेवटचा प्लॅस्टिकचा कागद सोलत होता. तिला बघून त्याच्या हातातला कागद तसाच राहिला.

"मॅडम? गाडी वाजली का?"

तिने नकारार्थी मान हलवली. एका दमात अर्धं पान वाचणारी ती, तिला आता श्वास पुरेना.

"मग?"

"थांबा जरा. हे... पुस्तकातलं नाही. माझं आहे. मी अडखळणार."

"अडखळा की," तो हळूच म्हणाला. "मला घाई नाही."

तो खरंच थांबला. अठराच्या कितीतरी पुढे आकडे गेले असतील. खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला. गाडी गप्प राहिली.

"तुम्ही गेलात तर..." ती म्हणाली, "मला अजिबात आवडणार नाही."

त्याने हातातला कागद आधी नीट गुंडाळला.

"एवढंच?" शेवटी त्याने विचारलं. पण ते विचारताना त्याचाच आवाज जागेवर नव्हता.

"आणखी होतं. जिन्यात सांडलं."

तो खाली हत्यारांच्या पेटीवर बसला. काळे हात फडक्याला पुसत राहिला, पुसून झाले तरी पुसत राहिला.

"मलाही एक सांगायचंय. दुकानदार गावाला वगैरे गेला नव्हता. त्या अलार्मला बारीक स्क्रू असतो, तो किंचित फिरवला की झालं. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांचं?"

"हो."

"आणि तुम्ही आठ आठवडे..." तिचा आवाज चढला. "मी एकेक परिच्छेद तीन-तीनदा वाचला त्या गाडीपायी! घसा बसला माझा!"

"मी पण ऐकला की, तीन-तीनदा," तो म्हणाला. "तुम्ही भांडायला तरी खिडकीत यायचात. चांगलं बोलायला कुठल्या तोंडाने बोलावणार होतो? परवा तो स्क्रू फिरवताना हात चालत नव्हता माझा. वाटलं, आता कशाला येईल ही खिडकीत?"

"आता नाहीच येणार खिडकीत," ती म्हणाली. "पाच मजले चढून आलेय."

तेव्हा तो हसला. या वेळी धाप तिला लागली होती, त्यामुळे तिचंच हसू तुकड्यातुकड्यांनी आलं.

"त्या गावचं काम तीन महिन्यांचं आहे," तो म्हणाला. "रविवारी सुट्टी असते. दर रविवारी आलो तर चालेल?"

"आत्याला भेटावं लागेल."

"भेटतो. आत्याबाई भांडतात का?"

"माझ्यापेक्षा बऱ्या."

लिफ्ट तयार होती, दिवा लागलेला, दार उघडं. तरी दोघं जिन्यानेच उतरायला लागली. चौथ्या मजल्यावर त्याला काहीतरी विचारायचं आठवलं, तिसऱ्यावर तिला काहीतरी सांगायचं राहिलं होतं, दुसऱ्यावर दोघं पायरीवर बसलीच. पाच मजले उतरायला त्यांना चांगला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात तिने एकदाही दुसऱ्या कुणाचं वाक्य वापरलं नाही.