सान्वी कुणाकडे बघते?

"मॅडम, आमच्या घरात कुणीतरी आहे. मला दिसत नाही, पण माझ्या मुलीला दिसतं."

मीरा रोडच्या त्या खोलीएवढ्या ऑफिसात, भर दुपारी नीरजच्या अंगावर काटा आला. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, पण घाबरायला विश्वास लागतोच असं थोडंच आहे! मनोरमाबाई शांतपणे चहा पीत होत्या. खाजगी तपास करता करता त्यांचे केस पिकले होते. त्यांचा सहाय्यक होऊन चार वर्षं झाली, तरी नीरजला पिशवी उचलण्यापलीकडे फारसं काही जमलं नव्हतं.

समोर बसलेल्या नेहाच्या मांडीवर तिची दहा महिन्यांची सान्वी हसत होती. पण तिचे डोळे! वर, खाली, इकडे, तिकडे, नुसते भिरभिरत होते. मनोरमाबाईंनी मोबाइलवर तिचा व्हिडिओ घेतला.

"महिना झाला. धरून उभी राहायची, आता बसल्या बसल्या कलंडते. डॉक्टर म्हणाले, दात येतायत. भाईंदरला माहेरी आठ दिवस राहिले, तिथेही तेच." नेहाने पर्समधून लिंबू काढलं. "आणि दर शनिवारी हे दाराशी. सासूबाई म्हणतात, विमलाबाईची करणी. मालिशवाली. तिने काम सोडलं आणि हे सुरू झालं."

मनोरमाबाईंनी लिंबू हुंगलं. सालीला ओव्याच्या तेलाचा वास होता.

पेणकरपाड्याला नेहाच्या घरी सासूबाई तणतणतच होत्या. "वीस वर्षं मालिश करणारी बाई! शेवटी शेवटी पोटाला हात लावेना. नुसते हातपाय चोळायची!"

सान्वी झोळीत झोपली होती. "नीरज, पापण्या बघ," मनोरमाबाई म्हणाल्या.

मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं तशीच नाचत होती. नीरज दोन पावलं मागे सरला. झोपेतही तो कोण सोडत नाही हिला?

विमलाबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिने हात पदराखाली घेतले. "लिंबा मीच ठेवतंय. पोरीचा चांगला व्हावा म्हनून!"

"मग काम का सोडलंत?"

"मागं त्या बंटी पोराच्या येलेला बोललू, तवा..." आणि तिने तोंड मिटलं.

"बाईच गुन्हेगार," नीरज बाहेर आल्यावर म्हणाला.

"तुझं डोकं म्हणजे शोभेची वस्तू," मनोरमाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नेहाच्या घरी सगळे जमले. मनोरमाबाईंनी बोलावलेली विमलाबाई दाराशीच उभी राहिली.

"बाळाला माणूस दिसला तर बाळ त्याच्यावर नजर लावतं," मनोरमाबाईंनी सुरुवात केली. "ही नजर कुठेच थांबत नाही. माहेरी नाही, झोपेत नाही. म्हणजे जे आहे ते घरात नाही, सान्वीत आहे. कुठे आहे, ते एकाच माणसाला ठाऊक आहे. वीस वर्षांची मालिशवाली पोट कधी सोडते? हाताला नको ते लागतं तेव्हा."

विमलाबाई मटकन खाली बसली. "डाव्या बरगडीखाली. सुपारीएवढी गाठ. बंटीच्या पोटान पन अशीच लागली होती. त्याच्या आयशीला मी सांगितला होता. 'तुज्याच हातान झाली' म्हनून मला हाकलला. डॉक्टरकं नेला न्हाय. पोर गेला. आजून माज्या हाताखाली हाय तो."

घरातलं भूत म्हणजे भीतीपोटी न सांगितलेली ही गाठ, हे नीरजला आत्ता कळलं, आणि बाईला गुन्हेगार म्हटल्याची त्याला लाज वाटली.

"काल लहान मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला," मनोरमाबाई हलकेच म्हणाल्या. "क्वचित एखाद्या बाळात छोट्याशा गाठीमुळे डोळे असे नाचतात. त्यांनी पहिलं विचारलं, पोट तपासलंय का? रिक्षा खाली उभी आहे. चला."

सोनोग्राफीत गाठ दिसली, डाव्या मूत्रपिंडाच्या वर. पसरली नव्हती. ऑपरेशन झालं. डोळे सावरायला मात्र महिने गेले.

पाच महिन्यांनी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, सासूबाई स्वतः तेलाची वाटी घेऊन विमलाबाईला बोलवायला गेल्या. खुशालीची चौकशी करायला नीरजही आला होता. विमलाबाईचे हात पोटाशी येऊन थबकले. नेहाने ते धरून व्रणाशेजारी ठेवले.

बोटं सावकाश फिरली. सान्वी तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"काय लागतंय?" नेहाने विचारलं.

"काय न्हाय," विमलाबाई म्हणाली, आणि धाय मोकलून रडली. "काय न्हाय ग, बाय."