डावखुऱ्या ओळी

माझ्या हातातून लोकरीचा गुंडा निसटला, टुणटुण उड्या मारत जिना उतरला आणि वर येणाऱ्या एका माणसाच्या बुटाला बिलगला.

"हे मांजर तुमचं का?" गुंडा उचलत त्याने विचारलं.

असं काही हसला… की मी उत्तर द्यायलाच विसरले.

तो चष्म्याच्या काचा घासून बसवायचं काम करायचा. वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी दुपारी मी नवशिक्यांना क्रोशा शिकवायचे, तिथेच तो निघाला होता. वडिलांच्या वाढदिवसाला त्याला स्वतःच्या हातचा मफलर द्यायचा होता. दरवर्षी आई विणायची. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

"काचेवरचा केसाएवढा चरा दिसतो मला," तो म्हणाला, "पण हे खांबाचे टाके मोजताना डोळे गरगरतात."

"डोळे सुईवर ठेवा. माझ्याकडे नको."

"तीच तर अडचण आहे…"

मी लाजले, आणि लाज लपवायला त्याची अख्खी ओळ उसवली! तीन शनिवारांत जेमतेम वीतभर मफलर झाला. विणकाम वर्गाच्या कपाटात राहायचं, किल्ली माझ्या गळ्यात.

चौथ्या शनिवारी कपाट उघडलं, तर सहा ओळी वाढलेल्या. एकसारख्या, घट्ट, देखण्या.

"माझ्यासाठी गुपचूप विणलंत?" त्याचे डोळे चमकले.

"मी? मी हातही लावला नाही…"

खिडक्या बंद होत्या, तरी मानेवर गार झुळूक आली. मी ओळी उजेडात धरल्या. टाके उलट बाजूला झुकले होते.

"हे डाव्या हाताचं काम आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आई डावखुरी होती."

पुढच्या शनिवारी आणखी नऊ ओळी. सुई उचलली तर कोमट — जणू आत्ताच कुणीतरी खाली ठेवलेली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पळून जावंसं वाटलं, पण त्याला तिथे एकटं सोडवेना. मी माझी खुर्ची त्याच्या खुर्चीला चिकटवली.

समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत तो हळूच म्हणाला, "आई, पुरे. तुझ्यासारखं नाही जमणार मला… पण बाबांना माझ्या हातचं द्यायचंय गं."

टेबलावरचा धागा आपोआप ताणला गेला. थरथरला. मग सैल पडला.

त्यानंतर एकही ओळ वाढली नाही. उरलेला मफलर त्याने वेडावाकडा, पण स्वतः पुरा केला.

वाढदिवसाला तो मलाही घरी घेऊन गेला. बाबांनी मफलर गळ्यात घातला, मधल्या ओळींवरून बोट फिरवलं आणि नुसती मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ये, पोरी. ही सांगतच होती… हसलीस की खळी पडते म्हणून."

खोलीत आम्ही तिघंच होतो.

तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. माझे हात गारठले होते. त्याने ते आपल्या हातांत घेतले.

"घाबरलात?"

"हो… आणि तुम्ही?"

"आईला नाही घाबरलो. मफलर झाला, आता येऊ नका — असं तू म्हणशील, त्याला घाबरलो."

त्याच्या तोंडी 'तू' पहिल्यांदाच आलं होतं.

"वर्ग नवशिक्यांचा आहे," मी म्हणाले, "आणि तू अजून बरीच वर्षं नवशिकाच राहणार."

"जन्मभर राहिलो तर?"

"तर जन्मभर उसवत बसेन," मी म्हटलं, आणि हात सोडवून घेतले नाहीत.